माळ्यावरची वाघीण: जुन्या मॉडेल रेल्वेचे डबे स्वच्छ कसे करायचे आणि कुठं थांबायचं

कोल्हापुरात जुन्या घराचा माळा रिकामा होतो तो बहुतेक वेळा घर पाडायच्या आदल्या आठवड्यात. तांब्याचा बंब, समया, पाट असं सगळं बाहेर येतं. बंब आणि समयांना किंमत असते, ते कुणीतरी ठेवून घेतं. पुठ्ठ्याचा मळका खोका मात्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातो. त्या खोक्यात कधीकधी चावीची आगगाडी असते: इंजिन, चार वाघिणी म्हणजे मालगाडीचे डबे, गोल वळणारे पत्र्याचे रूळ.

माझी पहिली वाघीण अशीच आली. हॉर्नबी या इंग्लंडातल्या खेळण्यातल्या आगगाड्यांच्या छापाची, पत्र्याची, अंगावर सोनेरी इंग्रजी अक्षरं. आनंदाच्या भरात मी ती ओल्या स्पंजानं पुसली आणि दोन मिनिटांत निम्मी अक्षरं स्पंजावर आली. ती रंगवलेली नव्हतीच, पातळ पापुद्र्यासारखी चिकटवलेली होती. माळ्यावरची धूळ, उंदीर आणि कोल्हापूरचे पावसाळे सोसून ती टिकली होती, माझ्या हातात टिकली नाहीत. तसं तुमच्या हातून होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मळ काढायचा, वय काढायचं नाही. धूळ, तेलाचा चिकटा आणि गंज हा मळ. रंगाचा थोडा उतरलेला तजेला, कडेची झीज, कुणा पोरानं आपटल्याची खूण हे वय. संग्राहक मूळ रंगाच्या, थोड्या झिजलेल्या डब्याला नव्यानं रंगवलेल्या चकचकीत डब्यापेक्षा जास्त मानतात, आणि ते बरोबर आहे. मूळ रंग एकदा गेला की परत आणता येत नाही.

हात लावायच्या आधी

डबा पांढऱ्या कापडावर ठेवा आणि सहाही बाजूंनी फोटो काढा, खालच्या बाजूचा तर नक्की. कप्लिंग, म्हणजे दोन डबे जोडणारा आकडा, कसं अडकवलंय, चाकं कुठल्या बाजूनं बसवलीत हे नंतर आठवत नाही. एक वही करा. कुठल्या डब्याला कुठल्या तारखेला काय लावलं, ते त्यात लिहायचं.

मग डबा कुठल्या मापाचा ते बघा. सोबत रूळ असतील तर दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर स्केलपट्टीनं मोजा. ३२ मिलिमीटर भरलं तर तो ओ गेज. जुन्या चावीच्या पत्र्याच्या गाड्या बहुतेक याच मापाच्या. साडेसोळा मिलिमीटर भरलं तर डबल ओ किंवा एचओ. दोघांचा रूळ सारखाच, पण डबल ओचा डबा मूळच्या १:७६ आणि एचओचा १:८७. रूळ नसतील आणि चाकांमधलं अंतर मोजलं तर ते याहून कमी भरणार, त्यानं गोंधळू नका.

अंगावरची अक्षरंही बोलतात. ब्रिटनमधल्या शंभरावर रेल्वे कंपन्या १ जानेवारी १९२३ ला चार मोठ्या कंपन्यांत एकत्र केल्या गेल्या. म्हणून डब्यावर 'एलएमएस' हे त्या चारांतल्या एका कंपनीचं नाव असेल तर तो १९२३ च्या आधीचा नाही, एवढं ठामपणे म्हणता येतं. हॉर्नबीच्या चावीच्या गाड्या बाजारात आल्या १९२० मध्ये. त्या सुरुवातीच्या गाड्या मेकॅनो या जोडणीच्या खेळातल्या नट-बोल्टांनी जोडलेल्या असत आणि सुट्या करून परत जोडता येत. पुढच्या काळातल्या डब्यांना पत्र्याच्या जिभा असतात, खाचेतून काढून दुमडलेल्या. तुमच्या डब्याला बारीक नट-बोल्ट दिसले तर तो जपून ठेवा आणि एकही बोल्ट बदलू नका.

डबा कशाचा आहे

सगळ्यात जास्त वेळ इथं घाला. बहुतेक नुकसान चुकीच्या वस्तूला चुकीचा उपाय केल्यानं होतं.

खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा. डब्याच्या अंगाला ते चिकटलं तर पत्रा. हा साधा लोखंडी पत्रा नसतो, त्याच्यावर कथिलाचा मुलामा असतो, म्हणजे आपल्या पितळी भांड्यांना आतून कल्हई करतात तेच कथील. हे कथील गंज कसा अडवतं ते नीट समजून घ्या. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीवर ओरखडा पडला तर जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. कथील तसं करत नाही. ते फक्त झाकण आहे. झाकणाला ओरखडा पडला की त्या जागी लोखंड उघडं पडतं आणि उलट अधिक वेगानं गंजतं. म्हणून पत्र्याच्या डब्यावर तारेचा ब्रश, घासणीची जाळी किंवा पॉलिश पेपर चालवायचा नाही. आज चमकेल, पुढच्या पावसाळ्यात त्याच रेघांवरून गंज चालत येईल.

पत्र्यातही दोन प्रकार. एकात नक्षी सपाट पत्र्यावर छापून मग तो पत्रा दाबून आकार दिलेला असतो. भिंगातून बघा, खिडक्या, दारं, रिव्हेट सगळं छापलेलं दिसेल. दुसऱ्यात अंग एकरंगी रंगवलेलं आणि अक्षरं वरून चिकटवलेली. दुसऱ्या प्रकारच्या अक्षरांना पाणी म्हणजे वैरी.

चुंबक चिकटलं नाही पण वस्तू जड आणि थंड लागते, तर तो जस्ताचा ओतीव धातू. इंग्लंडात याला मझाक म्हणतात. चाकं आणि खालचे सांगाडे याचे असतात. ओतताना जस्तात शिशाची भेसळ राहिली असेल तर तो धातू वर्षानुवर्षं आतून सडतो: फुगतो, तडे जातात, वाकतो आणि शेवटी हातात चुरा होतो. दमट हवेत हे लवकर होतं. यावर औषध नाही. गोंद लावून, रंग देऊन उपयोग होत नाही. तडे दिसले तर तो भाग धुवायचाही नाही, कोरडा पुसून ठेवायचा. हा आजार शेजारच्या डब्याला लागत नाही, ती भीती नको.

हलकी आणि कोमट लागणारी वस्तू प्लॅस्टिकची. डबल ओचे नंतरच्या काळातले डबे बहुधा असेच. प्लॅस्टिकला थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश काढायचं द्रव यांतलं काहीही लावायचं नाही, पृष्ठभाग विरघळतो. पन्नासच्या दशकातले ट्रायअँग या इंग्लंडातल्या कंपनीचे काही डबे सेल्युलोज ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकचे होते, ते काळानं वेडेवाकडे होतात. गरम पाण्यात बुडवून ते सरळ करायचा मोह होतो. करू नका.

काय काय लागतं

फार खर्च नाही. एक मऊ रुंद ब्रश, एक झिरो नंबरचा ब्रश, मलमलचं जुनं धुतलेलं फडकं, औषधाच्या दुकानातला कापूस, शिलाई मशीनचं तेल, भांड्यांचा लिक्विड साबण, आयसोप्रोपिल अल्कोहोल, भिंग. नळाच्या पाण्याऐवजी गॅरेजमध्ये बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणा, सुकल्यावर पांढरे डाग राहत नाहीत.

कापसाच्या काड्या विकत घेण्याऐवजी मी जळून गेलेल्या उदबत्त्यांच्या काड्या वापरतो. टोकाला कापूस वळायचा, आजी फुलवात वळायची तसा, सैल नको आणि आवळूनही नको. पाहिजे त्या जाडीची काडी होते. सुटे स्क्रू, चाकांचे आस म्हणजे अ‍ॅक्सल, कप्लिंग ठेवायला मिसळणाचा जुना डबा घ्या. प्रत्येक वाटीत एका डब्याचे भाग, म्हणजे आपापसांत मिसळत नाहीत.

घरच्यांना आधीच सांगून ठेवा, चिंच, लिंबू, व्हिनेगर आणि भांडी लखलखीत करायची पावडर या टेबलाजवळ आणायची नाही. तांब्या-पितळेला आंबट चालतं. पत्र्याच्या दुमडीत मात्र तो आंबटपणा अडकून राहतो आणि महिनाभरानं आतून गंज काढतो.

कोरडी झाड, मग ओली

आधी फक्त ब्रश. वरून खाली, हलक्या हातानं, पांढऱ्या कापडावर. कापड पांढरं यासाठी की एखादा बारीक तुकडा गळून पडला तर दिसावा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तोंडाला मलमल बांधून, बोटभर लांब धरा. निम्मे डबे एवढ्यावरच सुधारतात. सुधारला तर थांबा.

चिकटा उरला असेल तर डब्याच्या तळाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी परीक्षा करा. काडी डिस्टिल्ड पाण्यात बुडवून टिपून घ्या, ओलसर राहिली पाहिजे, ठिबकायला नको. दहा सेकंद ती जागेवर फिरवा. घासायचं नाही, लाटणं फिरतं तशी काडी फिरवायची, म्हणजे मळ कापसात उचलला जातो आणि रंगावर रगडला जात नाही. कापूस करडा, काळपट झाला तर तो मळ. लाल, हिरवा, पिवळा झाला तर तो डब्याचा रंग. तिथंच हात थांबवा, त्या डब्याला पुन्हा पाणी नाही.

परीक्षा पास झाली तर अर्धा लिटर पाण्यात साबणाचे दोन थेंब. दोन-दोन सेंटिमीटरच्या चौकोनात काम करा: साबणाची काडी, साध्या पाण्याची काडी, लगेच कोरडं फडकं. मग पुढचा चौकोन. एका वाघिणीला मला दीड-दोन तास लागतात, चाळीसेक काड्या जातात. चिकटवलेल्या अक्षरांपासून दोन मिलिमीटर लांब राहा. अक्षरांवरची धूळ फक्त कोरड्या ब्रशनं.

एक गंमत सांगतो. पाण्यानं न निघणारा हलका चिकटा थुंकीनं निघतो. संग्रहालयांतले जाणकार लोकही जुन्या चित्रांवर आणि वस्तूंवर हा उपाय करतात, कारण थुंकीतली एन्झाइम मळ सोडवतात. काडी जिभेला लावायची, फिरवायची, टाकून द्यायची आणि पुढची नवी घ्यायची. वापरलेली काडी परत तोंडात जाता कामा नये, जुन्या रंगात शिसं असू शकतं. त्यानंतर साध्या पाण्याची काडी फिरवायची.

प्लॅस्टिकचं अंग चाकांपासून सुटं होत असेल तर ते कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशनं धुतलं तरी चालतं, पण छापील अक्षरांवर ब्रश नको आणि अल्कोहोल तर नकोच. वाळवायला उन्हात ठेवू नका, सावलीत पंख्याखाली ठेवा.

आणि जिभांबद्दल. पत्र्याच्या जिभा उघडून डबा खोलायची घाई करू नका. जुनी जीभ एकदा सरळ होते, दुसऱ्यांदा वाकते आणि तिसऱ्यांदा तुटते. ती तुमच्या आधी कुणी किती वेळा वाकवली हे आपल्याला कळायला मार्ग नाही. आतला भाग सडतोय अशी खात्री असेल तरच उघडा, बांबूच्या पाचरीनं, गरजेपुरतीच.

गंज

तांबूस धूळ बसावी तसा वरवरचा गंज असेल तर त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टेकवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी टोक काढलेल्या बांबूच्या काडीनं हळूहळू खरवडा. बांबू गंजापेक्षा टणक नाही वाटत, पण तेलानं सैल झालेला गंज तो बरोबर उचलतो आणि रंगाला ओरखडत नाही. फडक्यानं टिपा, पुन्हा थेंब, पुन्हा रात्र. तीन-चार रात्री लागल्या तरी लागू देत. शेवटी तेल पूर्ण टिपून काढा, नाहीतर धूळ चिकटते. जिथं रंग आणि कथील दोन्ही उरलेलं नाही अशा गंजलेल्या उघड्या पत्र्यावर, उदाहरणार्थ तळाला, सगळ्यात बारीक स्टील वूल तेलात भिजवून चालवता येतं.

गंजानं रंगाखाली शिरून फोड आणले असतील तर फोड फोडू नका, आतला पत्रा तेवढाच उरलेला असतो.

गंज काढल्यावर सूक्ष्म स्फटिकांच्या मेणाचा (मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स) पातळ हात द्या. ब्रिटिश म्युझियममध्ये अशा कामासाठी तयार झालेलं रेनेसान्स वॅक्स मिळालं तर उत्तम, छोटी डबी वर्षानुवर्षं पुरते. मधमाशीचं मेण नको, त्यात आम्ल असतं. कारचं पॉलिश वापरायचंच असेल तर ज्यात घासणारी पावडर नाही तेच. पोपडे सुटलेल्या रंगावर मेणही लावू नका, फडक्याला पोपडा येतो.

पोचे आणि चाकं

पोचा आलेला पत्रा बाहेरून हातोडीनं कधी सरळ करू नये. आपल्याकडं हुपरीची चांदी आहे, गुजरी या सराफ पेठेत कारागीर आहेत. पातळ पत्रा ठोकला की ताणतो, आणि ताणला की त्याला परत जागा राहत नाही, हे चांदीवर हात बसलेल्या माणसाकडून ऐका. वाळूची छोटी पिशवी करा, डबा तिच्यावर पालथा ठेवा, आतून गोल टोकाच्या लाकडी दांड्यानं दाबत या, कडेकडून मध्याकडं. ऐंशी टक्के पोचा गेला की पुरे. शेवटच्या वीस टक्क्यांत छापील रंगाला तडे जातात.

चाकांवरचा काळा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या काडीनं निघतो. घट्ट असेल तर दातकोरणीनं खरवडा. पॉलिश पेपर लावला तर चाकावर बारीक रेघा पडतात आणि पुढचा मळ त्या रेघांतच बसतो. धातूच्या अ‍ॅक्सलवर घट्ट झालेलं जुनं तेल लायटरमध्ये भरायच्या पेट्रोलनं सुटतं. खिडक्या उघड्या ठेवा, देवघरातला दिवा आणि गॅस बंद ठेवा, प्लॅस्टिकपासून ते लांब ठेवा. मग सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना. डबा काचेवर ठेवून काचेच्या एका टोकाखाली शंभर पानी वही सरकवा. आपसूक, सरळ घरंगळला तर काम झालं.

मझाकची चाकं फुटली असतील तर नवी लागणार. बाहेरच्या देशांत जुन्या गाड्यांचे सुटे भाग करणारे आहेत, पण आपल्या हाताशी कोल्हापुरातली उद्यमनगर ही कारखान्यांची वसाहत आहे. मी तिथल्या एका लेथवर चाकं करून घेतली. पहिल्या खेपेला माप चुकलं, कारण सॅम्पल म्हणून मी फुटकं चाक नेलं होतं आणि मझाक सडताना फुगतो. व्हर्निअरवर आलेलं माप फुगलेल्या चाकाचं होतं. टर्नरनं अचूक काम केलं होतं, सॅम्पल खोटं होतं. त्यानंतर मी त्याच गाडीच्या दुसऱ्या डब्याचं शाबूत चाक आणि रुळाचा एक तुकडा, दोन्ही घेऊन जातो. काढलेली जुनी चाकं टाकू नका, पुडीत बांधून, चिठ्ठी लावून डब्यासोबत ठेवा.

डबल ओवाल्यांनी आणखी एक बघायचं. हॉर्नबी डब्लो १९३८ साली आली ती तीन रुळांची, मधला रूळ विजेचा. तिथं धातूची चाकं धातूच्या अ‍ॅक्सलवर चालतात. १९५९ पासून त्यांनी दोन रुळांची गाडी आणली, त्यात डावं आणि उजवं चाक एकमेकांपासून विजेसाठी वेगळं असावं लागतं. तीन रुळांचा जुना डबा दोन रुळांवर ठेवला तर शॉर्ट होतो. चाकं बदलेपर्यंत तो डबा चालवू नका.

रंग लावायचा का?

नवशिक्यानं पहिल्या दहा डब्यांना रंग लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यानंतरही फक्त उघड्या पडलेल्या पत्र्यापुरता, मूळ रंगाच्या कडेवर न चढता, आधी मेणाचा हात देऊन, वरून ॲक्रेलिकचा. खाली मेण असलं की उद्या कुणाला तो रंग काढावासा वाटला तर खालच्या पत्र्याला धक्का न लावता काढता येतो. रंग जुळवताना दिवसाच्या उजेडात जुळवा, ट्यूबलाइटखाली हिरवा वेगळाच दिसतो. जुना रंग कोरडा घासायचा नाही, शिशाची धूळ नाकात जाते. काम झालं की साबणानं हात धुऊनच भाकरीला हात लावायचा, आणि लहान मुलांना या टेबलाशी बसवायचं नाही.

स्वच्छ केलेली गाडी चालती कशी दिसते हे बघायचं असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, बी. एस. जोशींच्या हयातभराच्या छंदातून उभं राहिलेलं, १९९८ साली सुरू झालेलं. एकदा जाऊन या. मी तिथं डब्यांपेक्षा त्यांची चाकं जास्त वेळ बघत बसलो होतो. आपली मिरज-कोल्हापूर गाडी १८९१ मध्ये मीटर गेजवर सुरू झाली आणि १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाली. ती जुनी छोटी गाडी एचओमध्ये करायची तर रूळ बारा मिलिमीटरचा लागेल. तो माझ्या मनात बरीच वर्षं घर करून असलेला बेत आहे.

पावसाळा

ओलं काम दिवाळीनंतर काढा आणि मृगाच्या आत संपवा. जून ते सप्टेंबर इथली हवा पत्रा वाळू देत नाही, आणि स्प्रेचा रंग दमट हवेत पांढुरका पडतो.

ठेवताना वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्या कागदात आम्ल असतं आणि शाई उतरते. रबरबँडही नको, तो वितळून रंगावर चट्टा पाडतो. धुतलेली मलमल किंवा आम्ल नसलेला पातळ पांढरा कागद, त्यावर पुठ्ठ्याचा खोका, खोक्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या. मूळ खोका असेल तर तो फाटका असला तरी जपा, डब्याइतकाच तो मोलाचा आहे. डांबरगोळ्या प्लॅस्टिकच्या डब्यांजवळ ठेवू नका, त्यांच्या वाफेनं प्लॅस्टिक मऊ पडतं. जमिनीवरचं कपाट आणि बाहेरच्या भिंतीला लागलेलं फडताळ टाळा, पावसाळ्यात भिंत ओल धरते.

माझे खोके वर्षातून एकदा उघडतात, खंडेनवमीला. उद्यमनगरात त्या दिवशी लेथ पुसून झेंडूच्या माळा चढवलेल्या असतात. मीही एकेक डबा बाहेर काढतो, भिंगातून तळ बघतो, चाकांना तडे गेलेत का, दुमडीत तांबूस रेघ आली का ते वहीत लिहितो आणि सिलिका जेल बदलतो. फुलं आणि कुंकू खोक्याच्या झाकणावर वाहतो, डब्यावर नाही, ओल्या कुंकवाचा डाग छापील पत्र्यावरून निघत नाही. त्या पहिल्या वाघिणीवर 'एल' आणि अर्धा 'एम' अजून आहेत.